घरावर कर्ज, पडताळणीत अडचण?

धामणगाव बढे परिसरात पोरगं सरकारी भरतीत निवडलं गेलं, की घरच्यांना पहिली धास्ती सातबाऱ्यावरच्या बोज्याची. ती सोडून द्या. बापाचं थकीत पीककर्ज मुलाच्या चारित्र्य पडताळणीत आड येत नाही. साक्षांकन नमुन्यात अटक, खटला, शिक्षा विचारतात, कर्ज नाही.

खरी मेख चेकमध्ये आहे. ट्रॅक्टरच्या हप्त्यापोटी मुलाने सही करून दिलेला चेक वटला नाही आणि निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम 138 खाली खटला दाखल झाला, तर तो फौजदारी. नमुन्यात लिहावाच लागतो. लपवाछपवी उघडी पडली तर नेमणूक रद्द होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2016 च्या अवतार सिंग निकालात स्पष्ट केलं आहे.

बँकांचं गणित निराळं. खराब सिबिलमुळे उमेदवाराची नेमणूक रद्द करण्याचा स्टेट बँकेचा निर्णय मद्रास उच्च न्यायालयाने 2025 मध्ये उचलून धरला. जामीनदार म्हणून केलेली सहीसुद्धा सिबिलमध्ये दिसते.

केंद्राच्या नोकरीत लागल्यावरही 1964 च्या वर्तणूक नियमांतला नियम 17 लागू असतो: कर्जवसुलीचा दावा झाला, तर सरकारला लगेच कळवायचं.

खटला असेल तर क्रमांक, न्यायालय, तारीख जशीच्या तशी लिहा, लपवू नका.