करून पाहू

"आपल्याला काय कळतंय?" असे आपण किती सहज म्हणतो! हे तीन शब्द मोठे घातकी. ते मनात रुजले की माणूस नीट पाहणे सोडतो, विचारणे सोडतो. हात राबतात, पण काम होते तसेच राहते.

दुसरे दोन शब्द आहेत : "करून पाहू." त्यांनी काय होते, ते ऐका.

चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे लहान गाव आहे. मराठवाड्यातले नांदेड ते वेगळे. या गावी दादाजी खोब्रागडे नावाचे शेतकरी होते. जमीन दीड एकर. शाळा तिसरीपर्यंत.

१९८३ साली त्यांच्या बांधीत पटेल-३ जातीचे धान उभे होते. त्यात दोन-चार लोंब्या पिवळसर, निराळ्या दिसल्या. दुसरा म्हणाला असता, "असेल काहीतरी," आणि सगळे एकत्र झोडपले असते. दादाजींनी त्या लोंब्या वेगळ्या काढल्या. बी जपले. पुढल्या साली ते निराळे पेरले. आलेले बी पुन्हा निराळे ठेवले. असे कित्येक वर्षे चालले.

यात जादू नाही. धानाचे फूल बहुतेक आपल्याच परागाने फळते. म्हणून चांगली लोंबी निवडली, निराळी पेरली, भेसळ होऊ दिली नाही, तर काही वर्षांत बी एकसारखे येते.

नवे धान बारीक दाण्याचे निघाले. भात चवीला गोड. लोक बी मागून नेऊ लागले. तेव्हा एच.एम.टी. घड्याळाचा बोलबाला होता. तेच नाव या धानाला पडले. ते दूरदूर पोहोचले.

दादाजींना मानसन्मान मिळाला, पण पैसा फारसा मिळाला नाही. २०१८ साली ते वारले. तेव्हा नुसते पाहून, करून भागत नाही. आपले काम आपल्या नावावर लागले पाहिजे. शेतकऱ्याला स्वतःच्या वाणाची नोंद करता येते. तसा कायदा २००१ साली झाला आहे.

आता तुम्हाला लिहिता येते. एक वही करा. बी कोणते, पेरले केव्हा, आले किती, ते लिहा. सगळ्या शेतावर प्रयोग करू नका. एक कोपरा घ्या. फसले तर नुकसान थोडे, आणि का फसले तेही कळते.

शिवण असो, सुतारकाम असो की दूधदुभते, रीत हीच. नीट पाहा, थोडे करून पाहा, लिहून ठेवा. मग "आपल्याला काय कळतंय?" असे म्हणायची पाळी येणार नाही.