ब्रेक पॅड कधी बदलायचे?

सुट्टीत गावी निघताना आपण टायरची हवा तपासतो, टाकी फुल करतो. ब्रेक मात्र ‘लागतायत ना’ म्हणून तसेच सोडतो. कऱ्हाडहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जाताना गाडीत घरची सगळी माणसं आणि डिकीभर सामान असतं, तेव्हा खरी परीक्षा होते.

किती किलोमीटर झाले यावर जाऊ नये, असं आम्हाला वाटतं. शहरातल्या ट्रॅफिकमध्ये पॅड लवकर झिजतात, हायवेवर जास्त टिकतात. बघायची ती जाडी. नव्या पॅडवरचा घासणारा थर साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो. तो ३ मिलिमीटरवर आला की बदलायचा. चाकाच्या फटीतून बाहेरचा पॅड दिसतो, पण बऱ्याचदा आतला आधी संपतो. म्हणून मेकॅनिकला चाक काढून दोन्ही दाखवायला सांगा.

पावसात उभ्या गाडीचे ब्रेक सकाळी एक-दोनदा करकरतात, ते चालतं. रोज ब्रेक दाबताना बारीक ‘चीं’ येत असेल तर पॅड संपत आलेत. बऱ्याच पॅडना त्यासाठीच पत्र्याची पट्टी असते. ‘खर्र’ आवाज म्हणजे लोखंडावर लोखंड. अशी गाडी घाटात नेऊच नका. डिस्क खराब होते ती वेगळीच.

पॅड झिजले की ब्रेक ऑइलची पातळीही उतरते. नुसतं ऑइल भरून गप्प बसू नका, आधी पॅड बघा. आणि बदलताना एकाच चाकाचे नको, दोन्ही बाजूंचे बदला.