रोल छत्तीसचा, कार्ड आठाचं

२००० सालाच्या आसपास दोन मेगापिक्सेलचा छोटा डिजिटल कॅमेरा घेतला, की खोक्यात बहुधा ८ एमबीचं कार्ड मिळायचं. सगळ्यात चांगल्या दर्जावर त्यात फोटो बसायचे जेमतेम आठ-दहा! छत्तीसचा रोल पुरवून पुरवून वापरणाऱ्या फिल्मवाल्याला याची सवयच होती. नवीन चैन एकच, बिघडलेला फोटो फुकटात पुसता येई. रोलवरचा बिघडलेला फोटोही धुवायला द्यावाच लागायचा, पैसे मोजून.

त्याआधीचा कॅसिओ क्यूव्ही-१० (१९९५) आणखी गमतीचा. मागे स्क्रीन, भिंग फिरवता येणारं, आत ९६ फोटो. पण फोटो किती मोठा? ३२० बाय २४० ठिपके.

म्हणून जाणत्या फिल्मवाल्यांनी या डब्यांना सुरुवातीला कच्च्या वहीचं काम दिलं. आधी डिजिटलवर कोन आणि उजेड बघायचा, मग रोल खर्चायचा. मोठ्या स्टुडिओत हेच काम पूर्वी पोलरॉइड करायचा, पण त्याचा प्रत्येक कागद विकतचा.

मात्र एका बाबतीत ही वही दगा द्यायची. शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईहून कुकडी नदीकाठी निघोजच्या कुंडांवर जा. काळाकभिन्न खडक, रांजणखळगे आणि पावसाळ्यात पांढराशुभ्र फेस. निगेटिव्हवर उजेड थोडा जास्त पडला तरी निभावतं, उलट फिल्मवाले मुद्दामच सढळ हातानं उजेड द्यायचे. तीच सढळता डिजिटलवर दाखवली, की फेसाच्या जागी कोरा पांढरा डाग. तिथे काही म्हणजे काही परत आणता येत नाही. हात आखडून, थोडा काळपटच फोटो काढायचा, हे भल्याभल्यांना नव्यानं शिकावं लागलं.

आता तमाशा. कवठे येमाई हे लोकशाहीर बशीर मोमीन कवठेकरांचं गाव, तेव्हा फडाचा फोटो हवाच. छोट्या डिजिटलचा फ्लॅश पोचणार तीनेक मीटर. निकाल ठरलेला: पहिल्या रांगेतल्या टोप्या लखलखीत, स्टेजवरची बाई काळोखात. जुनी विद्या कामी यायची ती इथे. फ्लॅश बंद, कॅमेरा खांबाला टेकवलेला, श्वास रोखलेला.

मोराची चिंचोली याच शिरूर तालुक्यात. तिथे मोरापुढे बटण दाबलं, की कॅमेरा आधी फोकस शोधणार, मग विचार करणार आणि मग फोटो काढणार. तोवर मोर पसार, फोटोत नुसती बाभळ. यावर तोड म्हणजे बटण अर्धं दाबून आधीच फोकस धरून ठेवायचा आणि मोरानं मान वळवली की उरलेलं अर्धं दाबायचं.

सगळ्यात मोठी गोची मात्र अल्बमात. चार बाय सहाच्या छापाला दोन मेगापिक्सेल व्यवस्थित पुरायचे, त्याची काळजी नव्हती. पण रोलची चौकट ३:२ आणि छोट्या डिजिटलची ४:३! चार बाय सहाचा कागद रोलच्या मापाचा. आडवा फोटो कागदभर छापला, की वरखालून मिळून सुमारे ११ टक्के गायब. वऱ्हाडाच्या ग्रुपमध्ये उभ्यांचे फेटे गेले नाहीत, तर खाली बसलेल्यांचे पाय तरी गेलेच. शहाणा फोटोग्राफर डोक्यावर वीतभर जागा सोडून ठेवायचा.

एका बाबतीत मात्र या डब्यांनी भारी कॅमेऱ्यांना चीत केलं. निकॉन कूलपिक्स ९५० (१९९९) दोन सेंटीमीटरवरून फोकस करायचा, तर एसएलआरचं साधं ५० मिमीचं भिंग अर्धा मीटरभर लांब राहायला सांगायचं. आजोबांच्या पिवळ्या पडलेल्या पासपोर्ट फोटोची कॉपी काढायला, ज्वारीच्या कणसावरची अळी टिपायला हाच बरा.

दहा हजारावा फोटो? बहुतेक कॅमेऱ्यांत नंबर ९९९९ झाला, की पुढचा पुन्हा ०००१. कॉम्प्युटरवर नव्या ०००१ नं जुना ०००१ गिळला, असंही व्हायचं. निगेटिव्हच्या पट्ट्या पाकिटात घालून, त्यावर तारीख लिहून ठेवणारा माणूस इथेही तारखेची वेगळी फोल्डरं करायचा आणि वाचायचा.

घरात असा जुना डिजिटल पडला असेल, तर त्यात नवे सेल घाला. टीव्हीच्या रिमोटचं टोक भिंगासमोर धरा, बटण दाबा आणि स्क्रीनवर बघा. डोळ्याला न दिसणारा अवरक्त उजेड तिथे लुकलुकताना दिसेल. काही हौशी याच गुणासाठी ते कूलपिक्स ९५० शोधत फिरायचे. कारण अवरक्त फोटोंचा कोडॅकचा रोल मिट्ट काळोखात, चाचपडत भरावा लागायचा.