घर लहान, घरपट्टी मोठी : कॅलिफोर्नियाचा धडा

घरपट्टी आणि राहण्याची जागा यांचा विषय निघाला की अर्थशास्त्रात चार्ल्स टीबू यांचं नाव येतंच. १९५६ साली त्यांनी मांडलं की माणसं कर आणि त्याबदल्यात मिळणाऱ्या सोयी तोलून पाहतात आणि त्यावरून गाव निवडतात. ऐकायला छान आहे. पण यात गृहीत असं धरलंय की माणसाला जागा बदलायला काही खर्च येत नाही. आता समजा, हलल्यामुळेच कर वाढतो असा कायदा असेल तर? असा कायदा कॅलिफोर्नियात आहे.

१९७०च्या दशकात तिथे घरांच्या किमती झपाट्याने वाढल्या आणि त्यांच्यामागून घरपट्टीही. आता पेन्शनवर जगणाऱ्याचं घर महाग झालं म्हणून त्याच्या खिशात काही पैसे येत नाहीत, येतं ते फक्त वाढीव बिल. लोकांचा राग रास्त होता असं मला वाटतं. जून १९७८ मध्ये ‘प्रपोझिशन १३’ सुमारे ६५ टक्के मतांनी मंजूर झालं. मूळ कर मूल्यांकनाच्या १ टक्का, मूल्यांकन वर्षाला फार तर २ टक्के वाढणार, आणि घर विकलं गेलं की नव्या किमतीवर पुन्हा मूल्यांकन.

एक काल्पनिक हिशेब करू. १९७५ मध्ये ५० हजार डॉलर मूल्यांकन असलेलं घर. दरसाल २ टक्के धरले तर पन्नास वर्षांनी ते सुमारे १ लाख ३५ हजार होतं. घरपट्टी साधारण १,३५० डॉलर. बाजारात हेच घर १५ लाखांना जातं म्हणू. मुलं पांगली, चार बेडरूमचं घर खायला उठतं, म्हणून त्या जोडप्याला ८ लाखांचा छोटा फ्लॅट घ्यायचाय. त्यावर घरपट्टी किती? ८ हजार! घर अर्धं आणि कर सहापट. साहजिकच ती दोघं हलत नाहीत. ज्या तरुण कुटुंबाला ते मोठं घर हवं होतं, ते मग लांब कुठेतरी घर बघतं आणि रोज दोन-दोन तास गाडीत काढतं.

मुंबईकराला हे नवीन वाटू नये. तिथे १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी गोठवली आणि लोक जुन्या खोल्या सोडेनात. घरपट्टी आणि भाडं या वेगळ्या गोष्टी, पण ‘आहे तिथे राहशील तोवर स्वस्त’ ही अट दोन्हीकडे सारखीच.

याविरुद्ध कोणी कोर्टात गेलं नाही का? गेलं ना. लॉस एंजेलिसमध्ये १९८८ साली घर घेतलेल्या एका बाईंना, तशाच घरात १९७५पासून राहणाऱ्या काही शेजाऱ्यांच्या सुमारे पाचपट कर पडत होता. हा नॉर्डलिंगर खटला. १९९२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी कायदा उचलून धरला. कारण गंमतशीर आहे. वस्ती स्थिर राहावी, घरं भराभर हात बदलू नयेत, हा राज्याचा उद्देश कोर्टाने वैध मानला. म्हणजे आपण ज्याला अडकणं म्हणतोय, ते कोर्टाच्या दृष्टीने स्थैर्य!

नगरपालिकांवरचा परिणाम थोडक्यात सांगतो. घरपट्टीतून फारसं हाती लागत नाही, पण विक्रीकराचा वाटा मिळतो. मग मोकळ्या जागेवर घरांपेक्षा मॉल बरा, असं गावाला वाटू लागतं. घरं कमी पडायला इतरही कारणं आहेत, बांधकामाचे कडक नियम हे त्यातलं मोठं. पण हेही एक आहेच.

२०२०च्या ‘प्रपोझिशन १९’ने गाठ थोडी सैल केली. ५५ वर्षांवरच्यांना जुनं मूल्यांकन राज्यात कुठेही, तीन वेळांपर्यंत, नव्या घरावर नेता येतं. म्हणजे आपलं ते जोडपं आता हलू शकतं. आई-वडिलांचा जुना कर मुलांना मिळण्याची सवलतही आवळली : घरात स्वतः राहिलं पाहिजे आणि तिलाही मर्यादा आहे. पण चाळिशीत नोकरीसाठी शहर बदलणाऱ्याला वयाची ही सवलत नाही. तो एकतर जुन्या घरातूनच रोज लांबचा प्रवास करतो, नाहीतर आजच्या भावाने घरपट्टी भरतो.