लांबुडकी रोपं फेकू नका!

बालदोस्तांनो, खामगावच्या उन्हाळ्याचं काही सांगायलाच नको! म्हणून जूनच्या सुरुवातीला टमाट्याचं बी पेरलं की आपण डबा घरातच, खिडकीपासून लांब कोपऱ्यात ठेवतो. मायेपोटीच हं! पण पंधरा-वीस दिवसांनी पाहावं तर काय? रोपं फिक्कट, दोऱ्यासारखी बारीक, खिडकीकडे मान वाकवून उभी. आजी म्हणते, “फेकून दे बाळा, यांचं काही खरं नाही.”

थांबा! ही रोपं आजारी नाहीत, उजेड शोधताहेत. चार्ल्स डार्विननं आपला मुलगा फ्रान्सिस याच्या मदतीनं गवताच्या कोवळ्या कोंबांवर एक गंमत केली. कोंबाच्या शेंड्याला टोपी घातली, तर तो उजेडाकडे वळेचना! म्हणजे उजेडाची चाहूल लागते शेंड्याला आणि वाकतो मात्र खालचा भाग. १८८० साली त्यांनी हे पुस्तकात लिहिलं. पुढे शास्त्रज्ञांना त्यामागचं ऑक्झिन नावाचं द्रव्य सापडलं. ते सावलीच्या बाजूला जास्त जातं, ती बाजू जास्त लांबते, म्हणून रोप झुकतं.

आता पाऊस पडून हवा निवली की डबा रोज थोडा थोडा वेळ बाहेर ठेवा. पहिल्या दिवशी सकाळचं तासभर ऊन पुरे. आठवडाभरात रोपं धीट होतात. मग संध्याकाळी लावणी करा. आधी पाणी द्या आणि रोप खोडाला न धरता पानाला धरून उचला. पान तुटलं तर दुसरं येईल, खोड मोडलं तर संपलंच!

टमाट्याची खरी जादू मातीखाली आहे. त्याच्या खोडालाही मुळं फुटतात. (खोडावरची लव म्हणजे मुळं नव्हेत बरं का, मुळं खोडाच्या आतून येतात.) खालची पानं खुडून टाका, उथळ चर काढा आणि खोड त्यात आडवं निजवा. शेंडा आणि वरची चार पानं तेवढी बाहेर राहू द्या. एक-दोन दिवसांत शेंडा आपोआप सरळ होतो. आधाराला पऱ्हाटीची काडी आपल्याकडे कुठेही मिळते.

एका वर्षी मी शहाणपणा करून वांग्याची रोपंही अशीच खोल गाडली. आपली काळी माती पाणी धरून ठेवते. झड लागली आणि आठवड्यात सगळी खोडं सडली! वांगी-मिरचीला खोडातून टमाट्याइतकी सहज मुळं फुटत नाहीत. तेव्हा ती डब्यात होती त्याहून फार तर बोटभर खोल लावा, तीही वरंब्यावर, आणि वाकलेल्या खोडाला सुतळीनं सैलसर बांधा.