श्रेय कोणत्या सहीचं?

१० एप्रिल २०२५ रोजी २६/११च्या मुंबई हल्ल्यातला आरोपी तहव्वूर हुसेन राणाला घेऊन अमेरिकेहून निघालेलं विमान दिल्लीत उतरलं, पण श्रेयाची वाटणी त्याआधीच सुरू झाली होती. हे पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या मुत्सद्देगिरीचं मोठं यश असल्याचं गृहमंत्री अमित शहा आदल्या दिवशीच म्हणाले होते. राणा भारतात पोहोचला त्या दिवशी माजी गृहमंत्री पी. चिदंबरम यांनी उत्तर दिलं. प्रक्रिया यूपीए सरकारनं सुरू केली, फळ आताच्या सरकारला मिळालं, असा त्यांचा दावा होता. प्रत्यार्पणाची घोषणा तर फेब्रुवारीतच, मोदींच्या उपस्थितीत, डोनाल्ड ट्रम्प यांनी करून टाकली होती.

तारखा लावून पाहिल्या की चित्र बदलतं. राणाला पहिल्यांदा पकडलं ते शिकागोत, ऑक्टोबर २००९ मध्ये, एफबीआयनं. पुढच्याच महिन्यात राष्ट्रीय तपास यंत्रणेनं (एनआयए) गुन्हा नोंदवला. ही यंत्रणाच मुळी २६/११च्या हल्ल्यानंतर केलेल्या कायद्यातून उभी राहिली. २०११ मध्ये शिकागोच्या ज्यूरीनं राणाला मुंबई हल्ल्याच्या आरोपातून सोडलं. डेन्मार्कमधल्या वृत्तपत्रावरील हल्ल्याचा कट आणि लष्कर-ए-तैयबाला मदत, यांसाठी मात्र दोषी धरलं. शिक्षा झाली १४ वर्षांची. २०२० मध्ये प्रकृतीच्या कारणावरून तो सुटला आणि भारताच्या विनंतीवरून लगेच पुन्हा पकडला गेला. त्यानंतर कोर्टाच्या पायऱ्या सुरू झाल्या. मे २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यायालयानं प्रत्यार्पणाला हिरवा कंदील दाखवला, मग अपील झालं, आणि जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानंही त्याची याचिका फेटाळली. ज्या प्रत्यार्पण कराराच्या आधारे हे सगळं घडलं, तो १९९७चा. तेव्हा पंतप्रधान होते इंद्रकुमार गुजराल. त्यांचं नाव या वादात कुणी फारसं घेतलं नाही.

मग नेत्यांचा वाटा काहीच नाही? आहे, आणि तो ओळखताही येतो.

१९९३च्या मुंबई बॉम्बस्फोटांतला आरोपी अबू सालेम याचं उदाहरण घ्या. सप्टेंबर २००२ मध्ये तो लिस्बनमध्ये पकडला गेला, पण फाशीची शक्यता असलेल्या माणसाला पोर्तुगाल सोपवायला तयार नव्हतं. तेव्हाचे उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी लेखी हमी दिली, की फाशी होणार नाही आणि २५ वर्षांपेक्षा जास्त तुरुंगवासही नाही. सालेम प्रत्यक्षात भारतात आला नोव्हेंबर २००५ मध्ये. तोवर सरकार मनमोहन सिंगांचं होतं. १९९३च्या बॉम्बस्फोट खटल्यात २०१७ साली त्याला जन्मठेप झाली, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सरकारला ती हमी पाळावीच लागेल. हमी देण्याचा निर्णय खराखुरा राजकीय होता. कुठल्याही पोलीस अधिकाऱ्याला तो घेता आला नसता. म्हणूनच त्याचं श्रेय अडवाणींचं आणि त्याचा जाबही त्यांच्याच सरकारनं द्यायचा.

याउलट, ६ एप्रिल १९८६ची गोव्यातली रात्र आठवावी. तिहार तुरुंगातून पळालेल्या कुख्यात खुनी चार्ल्स शोभराजला पर्वरीच्या ‘ओ कोकेरो’ रेस्टॉरंटमध्ये मुंबई पोलिसांचे इन्स्पेक्टर मधुकर झेंडे यांनी धरलं. १९७१ मध्येही त्यांनीच शोभराजला पकडलं होतं, त्यामुळे चेहरा पक्का ओळखीचा होता. तिथं नजर झेंड्यांची होती, जोखीम त्यांची आणि त्यांच्या साथीदारांची. जवळपास चाळीस वर्षांनी चित्रपट निघाला, तोही त्यांच्याच नावानं. हे योग्यच झालं.

राणाच्या बाबतीत मात्र वर्षानुवर्षं कागदपत्रं जुळवणारे तपास अधिकारी आणि परदेशी न्यायालयात बाजू मांडणारे वकील बहुतेक वाचकांना नावानंही माहीत नाहीत. निवडणुकीच्या सभेत हातात माइक असणाऱ्याचं नाव लक्षात राहतं. हा त्या माणसांवरचा अन्याय आहे, आणि त्यातून मतदाराचीही फसगत होते.

तेव्हा पुढच्या वेळी एखादा फरारी आरोपी हाती लागला आणि कुणी नेता छाती पुढे काढून उभा राहिला, तर वाचकांनी तीनच गोष्टी विचाराव्यात : गुन्हा कधी नोंदवला गेला, आरोपीला प्रत्यक्ष कुणी पकडलं, आणि या नेत्यानं स्वतः कोणत्या कागदावर सही केली?