वॉरंटी कार्डाची मागची बाजू

‘ग्यारंटी’ आणि ‘वॉरंटी’ हे दोन शब्द आपण एकाच खिशात ठेवतो. काउंटरवर विचारतो, ‘ग्यारंटी किती?’ दुकानदार सांगतो, ‘तीन वर्षं, बिनधास्त न्या.’ दोघांचंही समाधान होतं. कायद्यात मात्र हे शब्द वेगवेगळ्या घरचे आहेत. १८७२ च्या करार कायद्यातली गॅरंटी म्हणजे दुसऱ्याच्या देण्यासाठी जामीन राहणं. अरबीतून फारसीच्या वाटेनं मराठीत आलेला ‘जामीन’ हा शब्द तिथं चपखल बसतो. वॉरंटी ही १९३० च्या मालविक्री कायद्यातली. मुख्य सौद्याला जोडून मालाबद्दल दिलेली ती हमी. शब्दांत रमणाऱ्या माझ्यासारख्याला या फरकाची गंमत वाटते, गिऱ्हाइकाला मात्र तो भांडण झाल्यावर कळतो.

गाडीच्या सामानातलं असं भांडण बघायचं असेल तर बॅटरीच्या दुकानात जावं. सीट कव्हर फाटलं तर दिसतं, हॉर्न बिघडला तर कानाला कळतं. बॅटरी आतल्या आत मरते आणि का मेली ते बाहेरून दिसत नाही.

मिरजेत पेशंट आणि त्यांच्या नातेवाइकांची ने-आण करणारे टूरिस्ट गाडीवाले पुष्कळ. त्यांतल्या माझ्या ओळखीच्या एकाची बॅटरी चौदाव्या महिन्यात बसली. पहाटेचं भाडं दारात उभं आणि गाडीला धक्का मारायला माणसं शोधायची वेळ. दोन दिवस धंदा बुडाला. दुकानात गेला तर बोलणं असं झालं:

‘शेठ, अजून दीड वर्षसुद्धा झालं नाही.’

‘भाऊ, गाडीत म्युझिक सिस्टीम आहे, वर दोन जादा लाइट. कंपनी क्लेम घेणार नाही.’

‘विकताना नाही बोललात.’

‘कार्डाच्या मागं लिहिलंय की.’

मागं लिहिलेलं असतंच, फक्त वाचायला भिंग लागतं. कंपनी हमी देते ती बनवतानाच्या दोषाची. वापरातली हयगय, जादा विजेचा भार, गाडीच्या चार्जिंगमधला बिघाड, पाणी न घालणं हे सगळं तिनं आधीच वगळलेलं असतं. म्हणजे वाद एकच उरतो: दोष बॅटरीचा की गाडीचा? आणि याचं उत्तर दुकानदाराच्या आवाजावर सोडायची गरज नाही. ते बऱ्याच अंशी मोजता येतं.

बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात, प्रत्येक साधारण दोन व्होल्टचा. शिशाच्या पट्ट्या आणि पाणी मिसळलेलं गंधकाम्ल. बॅटरी उतरते तसं पट्ट्यांवर एक क्षार जमतो, चार्ज होताना तो विरघळतो. बॅटरी बरेच दिवस उतरलेलीच राहिली तर तो क्षार कडक होतो आणि मग पट्ट्या चार्ज घेईनाशा होतात. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर ती आधी नीट चार्ज करून प्रत्येक कप्प्यात हायड्रोमीटर घालतात. पाच कप्पे चांगले आणि एकच मेलेला निघाला, तर संशय बॅटरीच्या घडणीवर जातो. सगळेच सारखे उतरलेले असतील तर आधी गाडीकडे बघावं. पाणी सगळीकडे आटलेलं असेल तर जादा चार्जिंग झालं का ते तपासावं. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर साधारण पावणेचौदा ते साडेचौदा व्होल्ट दिसायला हवेत. त्याहून बरंच कमी किंवा जास्त असेल तर दुकानदाराच्या म्हणण्यात तथ्य आहे. सीलबंद बॅटरीत हायड्रोमीटर जात नाही, तिला टेस्टर लावतात. त्याची छापील चिठ्ठी निघत असेल तर मागून घ्यावी.

दुकानदार दर वेळी लबाडच असतो असं मी म्हणणार नाही. त्यानं बॅटरी बदलून दिली आणि कंपनीनं क्लेम नाकारला तर भुर्दंड त्याच्यावर बसतो. पण ‘मी फक्त विकतो, कंपनीकडे जा’ हे उत्तर पुरं नाही. पैसे त्यानं घेतले, बिल त्यानं फाडलं, सौदा त्याच्याशी झाला. तक्रार करायची वेळ आलीच तर दुकानदार आणि कंपनी दोघांनाही सामील करावं.

दुसरा सापळा आकड्यांचा. ‘छत्तीस महिने’ याचा अर्थ पुष्कळदा अठरा महिने फुकट बदल आणि पुढचे अठरा महिने ‘प्रो-राटा’, म्हणजे नव्या बॅटरीवर महिन्यांच्या हिशेबानं घटत जाणारी सूट. ही सूट बहुधा छापील किमतीवर मिळते. समजा छापील किंमत ६,००० रुपये आहे आणि तीच बॅटरी बाजारात रोखीनं ४,८०० ला मिळते. शेवटच्या महिन्यांत २० टक्के सूट मिळाली तरी हिशेब ४,८०० वरच येतो! शिवाय जुनी बॅटरी त्यांच्याकडे जमा, म्हणजे मोडीचे पैसेही गेले. म्हणून विकत घेतानाच विचारावं: फुकट किती महिने, आणि सूट कशावर? तोंडी सवलत देत असतील तर ती बिलावर लिहून घ्यावी.

आमच्या गाडीवाल्याला कोणीतरी सांगितलं, ‘तुझी गाडी धंद्याची, तुला ग्राहक कायदा लागू नाही.’ हे खरं नाही. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्या कायद्यात धंद्याच्या व्याख्येबाहेर ठेवली आहे. स्वतः रिक्षा चालवून जगणारा माणूस ग्राहकच, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात स्पष्ट केलं. १९८६ च्या कायद्याची जागा २०१९ च्या कायद्यानं घेतली, तो जुलै २०२० पासून लागू झाला आणि ‘मंच’ जाऊन ‘जिल्हा आयोग’ आला, तरी ही सवलत टिकून आहे. आता आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वस्तूतला दोष नुसता बघून ठरत नसेल तर आयोग ती प्रयोगशाळेत पाठवू शकतो. म्हणूनच वाद चालू असताना बॅटरी दुकानात तशीच सोडून येऊ नये. सोडावी लागलीच तर तिच्यावरचा नंबर आणि तारीख घालून पोच घ्यावी. आयोगापर्यंत जाण्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.

आमच्या माणसानं एवढंच केलं: ‘नाही म्हणता ना, मग कारण लेटरहेडवर लिहून द्या.’ लिहायची वेळ आली तसं मुकाट्यानं बॅटरी चार्जिंगला लागली, हायड्रोमीटर निघाला आणि तिसरा कप्पा मेलेला सापडला. आठवड्यानं नवी बॅटरी मिळाली. तिच्यावरची हमी मात्र जुन्याच बिलाच्या तारखेपासून मोजायची, म्हणजे फुकट बदलाचे उरले चार महिनेसुद्धा नाहीत. हेही कार्डाच्या मागंच लिहिलेलं होतं.